आधी किती मिळायचं?

नवागामच्या गल्लीत सरलाबाईंच्या ओट्यावर संध्याकाळी मुलं जमतात. बाईंचं आयुष्य अमळनेरला बालवाडीत गेलं. आता त्या इथे सुरतेत मुलाकडे राहतात, पण समोर पोरं दिसली की त्यांना गप्प बसवत नाही.

त्या दिवशी त्यांनी चिंचोक्यांची बरणी मधे ठेवली. डावीकडच्या मुलांना कानात विचारलं, "यात वीसपेक्षा जास्त असतील की कमी?" उजवीकडच्यांना विचारलं, "पाचशेपेक्षा जास्त की कमी?" मग मोठ्याने म्हणाल्या, "आता अंदाज सांगा."

"चाळीस!" "पन्नास!" डावीकडून ओरडा झाला. उजवीकडची पोरं मात्र तीनशेच्या खाली उतरायला तयार नव्हती.

"बाई, बरणी तर एकच शे ना!" चेतन म्हणाला.

"एकच आहे. पण मी आधी जो आकडा कानात टाकला, त्याच्याच भोवती तुम्ही घुटमळलात."

शेजारच्या दारात मयुरी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. उद्या ती सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका शिलाई युनिटमध्ये काम मागायला जाणार होती. तिची थोरली बहीण कविता तिथे चार वर्षांपासून मशीनवर होती. कविता नवी होती तेव्हा भरतभाई शेठनी विचारलं होतं, "पहले कितना मिलता था?" तिने खरं ते सांगितलं: शिरपूरला पाच हजार. शेठनी वर दोन घातले, कविता खूश झाली. मग कळलं, की त्याच कामाचे शेजारच्या मशीनवरच्या बाईला दहा मिळतात. पुढे दर दिवाळीला सगळ्यांचे सारखेच पाचशे वाढले. ती बाई बाराला पोचली, कविता नऊला.

"बाई, मला धुळ्याला सहा मिळायचे," मयुरी म्हणाली. "शेठ विचारणारच. खोटं बोलू?"

"खोटं कशाला वं? तो धुळ्याचा आकडा धुळ्यात राहू दे. आधी काम दाखव, मग त्यांना बोलू दे."

आतून कविता म्हणाली, "आणि शेठ म्हणाले, जा घरी, तर?"

"म्हणूही शकतात," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी मेथीची अर्धी जुडी आपल्याकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी भरतभाईंनी बशीत चहा ओतता ओतता तोच प्रश्न विचारला. माणूस वाईट नव्हता. पगार ठरवताना त्यांना धरायला एखादा आकडा लागायचा, आणि हा आकडा फुकट मिळायचा.

"शेठ, वो धुलिया का भाव था," मयुरी म्हणाली. "पहले काम देखो, फिर यहाँ का भाव बोलो."

"और मैंने पाँच बोला तो?"

"तो चाय पीके घर जाऊँगी."

मशीनवरच्या बाया फिसकन हसल्या. शेठही हसले. त्यांनी कुर्तीची एक बाही पुढे सरकवली. मयुरीने ती शिवून दिली. शेठनी बाही उलटी करून आतली शिलाई पाहिली, कडेला ओढून पाहिली. आता धरायला जुना आकडा नव्हता. इथे कोणाला किती देतो ते आठवत त्यांची नजर मशीनच्या रांगेवरून फिरली.

"ठीक है बेन. ग्यारह से चालू करो."

कविताच्या हातातली कात्री खाली आली. "शेठ, इसको सिलाई मैंने सिखाई है."

सगळी मशीनं थांबली.

"तुम्हारा तो पाँच के ऊपर से चालू हुआ था ना..." शेठ बोलायला लागले आणि स्वतःचंच वाक्य ऐकून अडखळले. हे दोन पगार त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. आता ते दोन बहिणींच्या रूपात समोर उभे होते. त्यांनी मान खाजवली. "चलो, तुम्हारा भी ग्यारह."

"बड़ी बहन हूँ, शेठ."

या वेळी हसू कोणी दाबलं नाही.

"बारह, बारह! अब मशीन चलाओ!"

संध्याकाळी दोघी ओट्यावर आल्या, तेव्हा चेतन सरलाबाईंच्या मागे लागला होता. "बाई, पण खरे कितला शेतस, ते सांगा ना!"

"मला काय माहीत? मोजा की."

मुलांनी बरणी ओतली. कविताही पदर खोचून त्यांच्यात बसली आणि मोजता मोजता शेठची गंमत सांगू लागली. दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळे भरले. मग चेतनने सगळे पुन्हा एकत्र केले आणि कविताला दटावलं, "ताई, आता बोलू नको. आकडा चुकस."