चाळीस चमचे जवसाचं तेल

चाळीस दिवस रोज सकाळी उपाशीपोटी मी मोठा चमचाभर जवसाचं तेल गिळलं. नाक दाबून, तोंड वेडंवाकडं करून, पण गिळलं. आणि ते संपून आठवडा उलटायच्या आत माझ्याच लेकीने मला खोटारडा ठरवलं.

लेक प्रयोगशाळेत काम करते. आपण खाल्लेलं तेल शरीर किती जाळतं आणि किती साठवतं, हा तिचा अभ्यास. दहा माणसं हवी होती, नऊ मिळाली, दहावा म्हणून तिने मला धरलं. शेवटच्या दिवशी पोटात सुई घालून चरबीचा कण काढला, दंडातून रक्त काढलं. रक्त तपासायच्या यंत्रासाठी रांग होती, म्हणून त्या नळ्या फ्रीजरमध्ये गेल्या. चरबी तेवढी तिने तपासायला घेतली, आणि बापाची म्हणून कौतुकाने माझी सगळ्यात आधी.

त्या चरबीत जवसाचं तेल जरासुद्धा वाढलेलं नव्हतं.

"बाबा, खरं सांगा. तेल बेसिनमध्ये ओतत होतात ना?"

"अगं, प्यायलोय मी! तोंडाला वास यायचा, तो कसला होता?"

"रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

आता गोळ्या मी खिशात लपवल्या होत्या, हे कबूल. पण एकदा चुकलं म्हणून जन्मभर तेच ऐकायचं? वर कहर म्हणजे तिने पाना आणून बेसिनखालचा वाकडा पाइप उघडला आणि आत बोट घालून तेल शोधलं. तीस वर्षं प्लंबर म्हणून मी लोकांचे पाइप उघडले, आणि माझ्याच घरात माझी झडती! डोकंच फिरलं माझं. चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. लेकीच्या लेखी आपल्या शब्दाला काडीची किंमत नाही, हेच मनाला लागत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती आली ती थेट माझ्या खुर्चीपाशी. चेहरा उतरलेला.

"बाबा, सगळ्यांची चरबी तपासून झाली. कुणाच्याच चरबीत फरक नाही."

"म्हणजे दहाच्या दहा जणांनी बेसिनमध्ये ओतलं?"

"नाही हो. मग रक्त तपासलं. त्यात सगळ्यांचं तेल दिसलं, तुमचंही. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, या तेलातलं बरंचसं शरीर जाळून टाकतं. थोडं साठतं, पण पोटावर वर्षानुवर्षांची जुनी चरबी असते. तिच्यात फरक दिसायला चाळीस दिवस पुरत नाहीत."

"हे मला विचारायचंस! भरलेल्या टाकीत तांब्याभर रंगीत पाणी ओतलं, तर नळाला रंग येतो का?"

ती हसेल असं वाटलं होतं. ती खाली बघत राहिली.

"बाकीच्यांचे आकडे आले ना बाबा, तेव्हा मी यंत्र पुन्हा लावून पाहिलं. सगळी कृती पहिल्यापासून तपासली. मॅडमना विचारलं, माझं कुठे चुकतंय."

"मग?"

"पण त्या नऊ जणांपैकी एकालाही मी विचारलं नाही, तेल प्यायलात का म्हणून."

चार दिवस मनात घोकून ठेवलेलं सगळं मी तिला ऐकवणार होतो. त्यातलं काहीच आठवेना.

"एकालाही नाही?" मी विचारलं.

"एकालाही नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली.