संस्कृती कुणाशी बोलली

दयानं खिचडीच्या पातेल्यावर ठेवायला झाकण उचललं, तेवढ्यात बाहेर नळापाशी कुणीतरी म्हणालं, "पानी गार हाय."

आवाज ओळखीचा नव्हता. अंगणवाडीतल्या सव्वीस पोरांचे आवाज दयाला पाठमोरं बसूनही ओळखता येत. तिनं दारातून डोकावलं. मदतनीस आराधना उकिडवी बसून संस्कृतीचे हात धूत होती.

"गार हाय?" आराधनानं सहज विचारलं.

"लई," संस्कृती म्हणाली आणि हात मागं ओढून हसली.

दया दाराआड सरकली. झाकण तिच्या हातातच राहिलं.

साडेतीन वर्षांची संस्कृती जूनपासून येत होती. घरी आईशी चार शब्द बोलायची, इथं एकही नाही. तिची आत्या तर तिला उघडच मुकी म्हणू लागली होती. सहा महिने दया रोज तिच्याशेजारी सतरंजीवर बसली. चिंचोक्यांच्या रांगा लावल्या, कापडाची बाहुली तिच्या कानाशी नेऊन कुजबुजली, गाणी म्हटली, कधी नुसतीच गप्प बसून राहिली. सेविका म्हणून अकरा वर्षांत कुठल्याच पोरासाठी तिनं एवढं केलं नव्हतं. आणि आराधनाला येऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. तिचा अर्जसुद्धा दयानंच भरून घेतला होता, रविवारी चर्चच्या ओट्यावर बसून.

"बाई, ऐकलंत का?" आराधना धावतच आत आली. "संस्कृती बोलली!"

"तिचे हात पूस आधी," दया म्हणाली. "आणि ताटल्या मांड. उशीर झालाय."

आराधना तिच्याकडे बघत राहिली. मग ताटल्या मांडू लागली.

दुपारी संस्कृतीची आई, राजनंदिनी, न्यायला आली, तेव्हा दयानं आराधनाला पातेलं घासायला मागच्या अंगाला पाठवलं.

"आज बोलली तुझी पोर," दया म्हणाली.

राजनंदिनी चप्पल काढता काढता थांबली. "हितं? कुनाशी?"

मागून पातेलं घासल्याचा आवाज येत होता.

"माझ्याशी."

राजनंदिनीनं तोंडाला पदर लावला. ती दयाच्या पायांशी वाकली. दया मागं सरली, पण तोवर राजनंदिनीचे हात पायांना लागले होते.

एरवी असली बातमी दया नवऱ्याला, डेव्हिडला, दारातूनच सांगायची. त्या संध्याकाळी तिनं ती घरात कुणालाच सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी लेकीला सोडायला आली, ती स्टीलचा डबा घेऊनच.

"गाय व्यालीय आमची. खरवस हाय, बाई." तिनं संस्कृतीला पुढं केलं. "बोल की बाईंशी. काल काय म्हनलीस?"

संस्कृतीनं दयाकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं. आईच्या हातातून हात सोडवून ती सतरंजी झटकणाऱ्या आराधनाकडं गेली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. आराधना हसली. मग तिनं मान वर केली. डबा पाहिला, राजनंदिनीचा चेहरा पाहिला, शेवटी दयाचा.

"आज लाजतीय," आराधना म्हणाली. "काल बाईंशी छान बोलली." आणि पोरीला कडेवर घेऊन ती आत निघून गेली.

दयाचे कान तापले. आराधनानं तोंडावर खोटं पाडलं असतं, तर तिचा राग तरी करता आला असता. आता तेही राहिलं नव्हतं.

राजनंदिनी फाटकाशी पोचली होती. दया डबा हातात धरूनच तिच्या मागं गेली.

"थांब जरा. काल ती माझ्याशी नव्हती बोलली. आराधनाशी बोलली."

"ठावं हाय," राजनंदिनी म्हणाली. "सांजच्यालाच सांगितलं पोरीनं. आरूताई, आरूताई, सारखं त्येच."

दयानं हातातला डबा पुढं केला. "मग हा डबा?"

"तुमच्यासाठीच आनलाय. सहा म्हैनं बसलाय तुमी तिच्यापाशी." राजनंदिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "डबा उद्या दिला तरी चालंल, बाई."

उसाच्या कडेच्या पायवाटेनं ती भराभर निघून गेली.

खिचडीच्या वेळेला दयानं खरवसाच्या वड्या पाडल्या. पोरांना एकेक लहानशी दिली. आराधनाच्या ताटलीत तिनं सगळ्यांत मोठी वडी ठेवली. आतून संस्कृतीचं हसू ऐकू आलं, त्यामागून आराधनाचं. दया थोडा वेळ ताटलीकडं बघत उभी राहिली. मग सुरीनं त्या वडीचा एक कोपरा कापून तिनं तोंडात टाकला आणि ताटली घेऊन आत गेली.