भाजलेली टेप

मी एक जुनी टेप आहे, मोठ्या रिळावर गुंडाळलेली. आणि मित्रांनो, मी पहिल्यापासून भित्री आहे.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे एका खोलीत दोघं भावंडं गाणी करायची. भाऊ सिंथेसायझर वाजवायचा आणि ताई गायची. दोघांनी नऊ गाणी माझ्यावर उतरवली. शेवटचं भावानं स्वतः गायलं. "हे काय गाणं झालं?" म्हणत रेकॉर्ड कंपनीनं तेवढं वगळलं आणि आठ गाण्यांची रेकॉर्ड काढली. लोकांनी तिच्याकडेही ढुंकून पाहिलं नाही. मला कंपनीच्या दमट कपाटात टाकलं. पस्तीस वर्षांत भाऊ गेला. त्याचा आवाज उरला तो फक्त माझ्यापाशी.

अलीकडे ती रेकॉर्ड तरुण मुलांनी डोक्यावर घेतली. ती पुन्हा काढायचं ठरलं, नऊही गाण्यांसकट. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझी पाचावर धारण बसली. ज्या भुकटीत आवाज साठतो ती धरून ठेवणारा माझ्या अंगातला डिंक ओलाव्यानं सुटत होता.

माझ्यावरून नवी प्रत काढायला ताईसमोर बसलेल्या ध्वनिमुद्रकानं घाई केली. मला तपासलंच नाही, सरळ यंत्रावर चढवलं. मी किंचाळले. पहिल्या गाण्याचा मुखडा काळ्या भुकटीसारखा यंत्राला चिकटला. त्यानं झटकन यंत्र थांबवलं.

"ताई, चूक माझी," तो मान खाली घालून म्हणाला. "आधी भाजायला हवी होती."

"भाजायला? अहो, टेप आहे ती, पाव नाही."

मंद उष्णतेत आठ तास ठेवलं की ओलावा जातो, मग एकदा तरी नीट वाजते, असं त्यानं समजावलं. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नव्हती.

"बाकीची गेली तरी रेकॉर्डवर आहेत," ताई म्हणाली. "माझ्या भावाचं तेवढं वाचवा."

त्या गरम पेटीत मी जीव मुठीत धरून आठ तास काढले. आपण वितळणार, असंच वाटत होतं. मग पुन्हा यंत्र. एकेक गाणं सरलं तशी माझी भीती वाढत गेली, कारण नववं अगदी शेवटी होतं. ते सुरू झालं. भाऊ दुसऱ्याच ओळीला बेसूर झाला.

"अजून तस्साच," म्हणत ताई हसली आणि लगेच रडू लागली.

गाणं पूर्ण उतरलं. मी मात्र आता वाजण्याजोगी राहिले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचा तरी आवाज असाच एखाद्या कपाटात पडून असेल. त्याची प्रत आजच काढा. भावाचं गाणं वाचलं ते निव्वळ नशिबानं. पस्तीस वर्षांत मला कुणी एकदा उघडूनही पाहिलं नव्हतं.