पर्पेतुआने अडवलेली टोपली

निवाडा करणाऱ्यांत एक तरी बाई हवी, हा आता जगाचा नियम आहे, असं आमच्या बेटाच्या राजधानीहून, दिलीहून आलेल्या परदेशी साहेबाने सांगितलं आणि गावच्या तिघा म्हाताऱ्यांची तोंडं आंबट झाली. पण बाईशिवाय निवाडा कागदावर चढणार नव्हता. मग त्यांतल्या आमारुकाकांनी शक्कल लढवली. पर्पेतुआला चटईवर बसवायचं आणि पानसुपारीची टोपली तिच्या मांडीवर द्यायची, म्हणजे बाईही झाली आणि बडबडही नाही.

पर्पेतुआ टोपली घेऊन बसली. समोर लिनु सुतार मान खाली घालून उभा होता. देश स्वतंत्र होताना झालेल्या धुमश्चक्रीत बंदूकवाल्यांच्या धाकाने त्याने गावची शाळा पेटवली, पर्पेतुआचं घरही पेटवलं आणि सरहद्दीपलीकडे पळाला. आता तीन वर्षांनी अंगावरच्या कपड्यांनिशी परत आला होता. गावात दुसरा सुतार नव्हता. पर्पेतुआची मुलगी चिंचेखाली अक्षरं गिरवत होती, पाऊस आला की सुट्टी. लिनुला गावाने घेतलं तरच शाळेवर छप्पर चढणार होतं.

म्हाताऱ्यांनी दंड सांगितला, एक रेडा. नसेल तर आल्या वाटेने परत जा. लिनुकडे कोंबडीसुद्धा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब लिहू लागला. आमारुकाकांनी टोपलीसाठी हात पुढे केला.

टोपली फिरून प्रत्येकाने विडा उचलल्याशिवाय आमच्याकडे बोलणं संपत नाही, चटई गुंडाळता येत नाही. शहाणे म्हातारे नेमकं हेच विसरले होते. पर्पेतुआने टोपली घट्ट धरली.

"रेडा कुणाच्या पोटात जाणार, काका?" तिने विचारलं. "त्याला शाळेचं छप्पर घालू दे."

काका खवळले, तिला नाही नाही ते बोलले. टोपली हलली नाही. ऊन कललं. पानावाचून म्हाताऱ्यांना जांभयांवर जांभया येऊ लागल्या. काय अडलंय ते साहेबाने दुभाष्याला विचारलं आणि कळल्यावर लेखणी खिशात घालून तोही मांडी ठोकून बसला. शेवटी तिघांतले झेफेरिनुकाका कळवळून म्हणाले, छप्पर तर छप्पर, पण पान दे ग बाई. तेव्हा कुठे आमारुकाकांनीही मान डोलावली.

टोपली फिरत फिरत लिनुपुढे आली. त्याला विडा उचलवेना.

"ताई, तुमचं घरही मीच पेटवलं."

"ठाऊक आहे. शाळेचं छप्पर झालं की माझ्याकडे ये. जाळताना फार घाई केलीस, बांधताना करू नकोस."

लिनुने विडा तोंडात घातला आणि तिथेच ढसाढसा रडला. पर्पेतुआलाही राहवलं नाही.

आमारुकाका तोंडभर पान चघळत साहेबाला म्हणाले, "पुढच्या वेळी बाया हव्या तेवढ्या बसवा. टोपली मात्र माझ्याकडे द्या."