डोरीनच्या बैठकीतला गालिचा

मेबलच्या छातीत घरघर सुरू झाली ती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पावसानंही नेमका तोच आठवडा धरला. चौदा महिन्यांची पोर. ब्रायोनी तिचा सदरा वर करून फासळ्या बघत बसायची. समोर घड्याळ ठेवून मिनिटाला श्वास किती ते मोजायची, आणि आकडा चाळिशीपुढे गेला की आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायची. धुणं बाहेर घालण्यात अर्थ नव्हता, तेव्हा कपडे रेडिएटरवर, खुर्च्यांच्या पाठींवर, जिन्याच्या कठड्यावर. भिंतींना घाम फुटायचा. खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. ती ब्लीचच्या फडक्यानं पुसायची, मग ब्लीचचा वास मेबलला बाधेल म्हणून खिडकी उघडायची, आणि मग गार वारा बाधेल म्हणून लावून घ्यायची.

या सगळ्यात टेकडीवरच्या भाजीपाल्याच्या प्लॉटकडे तीन आठवडे कोणी फिरकलं नाही.

तो प्लॉट मिळायला पाच वर्षं लागली होती. हॅलिफॅक्स गावाच्या वरच्या अंगाला त्यांच्या रांगेतल्या घरांना मागे अंगण असं नव्हतंच. कचऱ्याचे तीन डबे ठेवले की जागा संपली. ज्याला माती हवी त्यानं टेकडीवरचे प्लॉट भाड्यानं देणाऱ्या मंडळाच्या यादीत नाव घालायचं आणि तिथल्या कुणाचे तरी गुडघे जायची वाट बघायची. पत्र आलं तेव्हा ब्रायोनीला सातवा महिना होता. त्या पोटानिशी तिनं पहिला वाफा खणला होता. पाच पावलं रुंद, आठ पावलं लांब, एक गळकी खोपी आणि पावसाचं पाणी धरायचं पिंप, एवढंच. पण तिथं फावडं मातीत घातलं की तिच्या डोक्यातली मोजदाद थांबायची. वर्षभरात अशी दुसरी जागा तिला सापडली नव्हती. घरात नाही, नवऱ्याच्या कुशीत नाही, आणि खरं सांगायचं तर मेबल शांत झोपलेली असतानाही नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मंडळाचं पत्र आलं. पाहणीत आपला प्लॉट तणानं भरलेला आढळला आहे. नियमाप्रमाणे तीन चतुर्थांश जमीन लागवडीखाली किंवा लागवडीसाठी तयार हवी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा पाहणी होईल. तोवर सुधारणा न दिसल्यास प्लॉट यादीतल्या पुढच्या व्यक्तीला देण्यात येईल. खाली सही, क्लिफर्ड ॲक्रॉइड, सचिव.

क्लिफर्ड म्हणजे शेजारच्याच प्लॉटवाला. सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली, लीकच्या कांदापातीची दांडी मनगटाएवढी करून दाखवणारा. चारच दिवसांपूर्वी दुकानात भेटला होता तेव्हा पावसाबद्दल बोलला, मेबलच्या टोपीचं कौतुक केलं. तणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पत्र तेव्हा लिहून झालं असणार. कदाचित खिशातही असेल.

रविवारी डोरीनकडे जेवण होतं. डोरीन म्हणजे रसेलची आई. तिचा नवरा स्टॅनली, तो जाऊन आता नऊ वर्षं झाली, त्यानं याच टेकडीवर तीस वर्षं प्लॉट केला होता. ब्रायोनीला पत्राबद्दल बोलायचं नव्हतं, पण रसेलनं बटाटे वाढून घेता घेता सांगून टाकलं.

डोरीननं काटा खाली ठेवला. आमच्या स्टॅनलीच्या प्लॉटवर कधी गवताची काडी दिसायची नाही, म्हणाली, आणि तीन पोरं होती मला, तीही काही हवेवर वाढली नाहीत. मग थोडं थांबून बैठकीच्या खोलीकडे मान वळवली. तिथला पिवळ्या वेलबुट्टीचा गालिचा पुढच्या आठवड्यात निघणार होता. नवा राखाडी येणार होता.

"तो घेऊन जा," ती म्हणाली. "स्टॅनली दर हिवाळ्याला जुना गालिचा पसरायचा. वर विटा ठेव, झालं. उजेड नाही तर तण नाही. वसंतात उचलशील तेव्हा माती लोण्यासारखी असेल. तुला काय, कॉलेजात हे शिकवत नसतील."

टोमणा होता, पण गालिचाही होता. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यात डोरीननं आपण होऊन काही दिल्याची ही पहिलीच वेळ. ब्रायोनीला एकदम भरून आलं. तिनं दोनदा आभार मानले, आणि दुसऱ्यांदा जरा जास्तच झालं असं तिचं तिलाच वाटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, रसेलला सुट्टी होती तेव्हा, त्यांनी गालिचा गाडीच्या टपावर बांधून नेला. मेबल बाबागाडीत, प्लास्टिकच्या पडद्याआड. पुढच्या वाफ्यात लसूण लावायला थोडी जागा ठेवून बाकीच्या सगळ्या हरळीवर त्यांनी तो पसरला. पिवळी वेलबुट्टी, ठिकठिकाणी डोरीनच्या सोफ्याच्या पायांचे खळगे, एका कोपऱ्यात चहाचा जुना डाग. क्लिफर्ड त्याच्या लीकमध्ये उभा होता. विटा कमी पडल्या तेव्हा त्यानं आपल्या खोपीमागच्या चार आणून दिल्या.

"चांगलाच जाड आहे," तो म्हणाला.

"रसेलच्या आईकडचा," ब्रायोनी म्हणाली. "स्टॅनली असंच करायचे म्हणे."

"हो. करायचा खरा स्टॅनली," असं म्हणून क्लिफर्डनं टोपी नीट केली आणि आभाळाकडे बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा ब्रायोनीनं मेबलचा श्वास दिवसातून दोनदाच मोजला.

दुसरं पत्र दहा दिवसांनी आलं. नियम अकरा, पोटनियम तीन. जमिनीवर गालिचा, त्याचे तुकडे किंवा त्याखालचा स्पंज पसरण्यास सक्त मनाई आहे. त्यातला रंग व कृत्रिम धागा मातीत उतरतो. गालिचा व त्याचे सर्व अवशेष काढून जमीन पहिल्या रविवारपर्यंत पूर्ववत करावी. सही तीच.

नियमांची पुस्तिका स्वयंपाकघरातल्या खणात निघाली, सुट्ट्या बॅटऱ्या आणि पिझ्झावाल्याच्या जाहिरातींखाली. तिसऱ्या पानावर, ठळक अक्षरात. ब्रायोनी उभ्यानंच वाचत राहिली. तापाच्या औषधाचा कागद ती दोन्ही बाजूंनी वाचायची. बाबागाडीच्या पट्ट्याची सूचना तीनदा वाचली होती. आणि ही बारा पानं तिनं सही करून खणात टाकली होती, कारण मातीला कसले नियम असणार असं तिला वाटलं होतं. रसेलनंही वाचली नव्हती. त्याचं म्हणणं एकच, "आईला सांगू नकोस. एवढं आपण होऊन दिलं तिनं. लागेल तिला."

"मला लागलंय," ब्रायोनी म्हणाली.

"हो, पण तू समजूतदार आहेस."

कोरड्या गालिच्याला दोघं पुरली होती. दहा-बारा दिवसांचा पाऊस प्यायल्यावर तो मेलेल्या गाईसारखा जड झाला होता. रसेलच्या गोदामात नाताळच्या मालाची गर्दी सुरू झालेली, सहाही दिवस पाळी, रविवारीही दुपारपर्यंत जादा काम. तेव्हा ब्रायोनी एकटीच जायची, मेबल दुपारी बाबागाडीत झोपायची तेवढ्या दीड तासात. घरातल्या धारदार पात्यानं ती गालिच्याच्या पट्ट्या कापायची आणि एकेक पट्टी चिखलातून ओढत फाटकापर्यंत न्यायची. पण खरी पीडा खाली होती. गालिच्याच्या पाठीचा स्पंज ओलाव्यानं विरघळून गेला होता. पट्टी उचलली की त्याचे पिवळे कण हरळीच्या मुळांत तसेच राहायचे. हजारो. ती उकिडवी बसून वेचायची, तांदूळ निवडावेत तसे. एका वीतभर जागेला पाव तास जायचा. मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजायची.

चौथ्या दिवशी क्लिफर्ड थर्मास घेऊन आला. झाकणात चहा ओतून त्यानं तिच्यापुढे धरला. ब्रायोनीनं चिखलाच्या हातानं घेतला, कारण नाही म्हणणं तिला जमलं नसतं.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "विटा दिल्यात तुम्ही मला."

क्लिफर्ड खोपीच्या पत्र्याकडे बघत होता. "पुस्तिका सगळ्यांना दिलीय, पोरी. मला वाटलं, वाचली असशील आणि तरी करतेयस."

"एक शब्द बोलला असतात तर दोन मिनिटांत गुंडाळून परत नेला असता. कोरडा होता तेव्हा."

"असं कुणाच्या प्लॉटवर जाऊन तोंडावर कसं सांगायचं." हे त्यानं मनापासून सांगितलं, अवघडून, जणू तिनं त्याच्याकडे काही अभद्र मागितलं होतं. "रीत म्हणून काही असते. त्यासाठी तर पत्र असतं."

मुदत वाढवून मिळेल का, हे तिनं विचारलं. यादीत त्रेपन्न नावं आहेत, तो म्हणाला, आणि नियम सगळ्यांना सारखे. मग झाकणातला उरलेला चहा त्यानं झटकला आणि मेबलच्या गाडीवरचा पडदा एका बाजूनं सरकला होता तो वाकून नीट बसवला. त्याच्या बोटांना कांद्याचा वास येत होता. ब्रायोनीला त्याचा राग धरायचा होता, पण तो माणूस पडदा इतक्या जपून लावत होता की राग धरायला जागा सापडेना.

शेवटच्या आठवड्यात मेबलची घरघर परत आली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता गारठ्यात, ओल्यात बिलकूल काढायचं नाही. प्लॉटची निम्मी जमीन अजून पिवळ्या कणांनी भरलेली, आणि हातात एकच शनिवार. एक अख्खा दिवस मिळाला असता तर झालं असतं. तिनं हिशेब मांडला होता, उजाडल्यापासून साडेचारला अंधारेपर्यंत.

शुक्रवारी सकाळी तिनं डोरीनला फोन केला. काय बोलायचं ते तिनं आधी मनात दोनदा म्हणून बघितलं होतं. पण रसेलचं वाक्यही मनात होतं, आणि डोरीनच्या आवाजात कसलीतरी लगबग होती, आणि ब्रायोनीच्या तोंडून जे निघालं ते असं, "उद्या तुम्ही मोकळ्या असाल तर मेबलला सांभाळाल का? म्हणजे जमत असेल तरच. नसलं तरी काही बिघडत नाही."

"उद्या?" डोरीन म्हणाली. "अगं, उद्या झोपायच्या खोलीतला गालिचा बसवायला माणूस येतोय. बैठकीतला बघून वरचा अगदीच कळकट दिसायला लागला. काही महत्त्वाचं होतं का?"

ब्रायोनी खिडकीपाशी उभी होती. काचेवरून पाण्याचा एक ओघळ आतल्या बाजूनं खाली येत होता. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. तुमच्या गालिच्यामुळं माझी जमीन जातेय. मेबल चटईवर बसून लाकडी चमचा बडवत होती, आणि प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये तिच्या छातीतला तो बारीक आवाज.

"नाही, नाही," ब्रायोनी म्हणाली. "विशेष काही नाही."

"बरं झालं. तू म्हणाली असतीस तर मी माणसाला पुढं ढकललं असतं हो. पण पुन्हा तारीख मिळायला नाताळ उजाडला असता."

शनिवारी दिवसभर पाऊस पडला. ब्रायोनी घरात होती. तिनं कपडे रेडिएटरवर उलटेपालटे केले, कोपरे पुसले, मेबलला वाफ दिली. साडेचारला दिवा लावला. रसेल आला तेव्हा त्यानं विचारलं, झालं का प्लॉटचं, आणि तिनं नाही म्हटल्यावर बूट काढता काढता म्हणाला, जाऊ दे गं, एक ताण कमी झाला तुझा.

पत्र बुधवारी आलं. त्या दिवशी दारातही काहीतरी ठेवलेलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन लीक, माती धुतलेली, मुळं छाटलेली. चिठ्ठी नव्हती. ती कुणाची हे कळायला चिठ्ठी लागणार नव्हती. तिनं त्यांचं सूप केलं. चांगलं झालं. मेबलनं वाटीभर खाल्लं.

महिनाअखेरीपर्यंत प्लॉटवरून आपलं सामान हलवायचं होतं. तिच्याकडे एक फावडं, एक दात्यांचं खुरपं आणि रबरी बूट, एवढंच निघालं. पुढच्या वाफ्यात लसणाचे हिरवे कोंब बोटभर वर आले होते. ते तिनं तसेच ठेवले. उकरून नेले तर लावायचे कुठं, कचऱ्याच्या डब्यांमध्ये? नवे लोक, कुणी तरुण जोडपं, कुंपणापाशी उभे राहून मोजपट्टीनं काहीतरी मोजत होते. क्लिफर्ड त्यांना पाण्याचं पिंप दाखवत होता. तिला बघून त्यानं टोपीला हात लावला. तिनंही मान हलवली, आणि पावसाबद्दल दोन शब्द बोलली.

रविवारी दुपारी डोरीन आली, रसेलच्या गाडीतून. गाडीच्या टपावर फिकट गुलाबी गुंडाळी होती, प्लास्टिकमध्ये बांधलेली. मायलेकांनी ती उचलून आणली आणि दिवाणखान्यात मावेना म्हणून दारातल्या बोळात भिंतीला टेकवून उभी केली. बाबागाडी जायला वाट राहिली नाही. रसेल ब्रायोनीकडे बघत नव्हता.

"वरचा आहे, जवळजवळ नवाच," डोरीन म्हणाली. तिला धाप लागली होती, आणि ती खूश होती. "म्हटलं, एकानं तुझा सगळा प्लॉट झाकणार नाही. पहिला कामाला आला ना?"

बोळात ओल्या लोकरीचा आणि डोरीनच्या पावडरीचा वास भरला होता. रसेलनं घसा खाकरला.

"आला ना," ब्रायोनी म्हणाली. "फार उपयोग झाला. चहा टाकते."

मेबल जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभी होती आणि गुलाबी गुंडाळीतून धागा उपटून तोंडात घालत होती. ब्रायोनीनं तो तिच्या मुठीतून सोडवला, तिला उचललं, गुंडाळीला वळसा घालता येईना म्हणून अंग चोरून आडवी सरकली, आणि स्वयंपाकघरात जाईपर्यंत पोरीच्या पाठीवर तळहात ठेवून मोजत राहिली.