आंबट चिकाच्या कुरडया

होळीच्या आदल्या दिवशी ज्योतीरामनं बाहेरच्या खोलीतली खाट उचलून स्वयंपाकघरात आणली. चिखलीतलं ते दोन खोल्यांचं घर, खाट आत घेतल्यावर चालायला जेमतेम अंग चोरून जाण्याएवढी वाट उरली. पण सोजराबाईचा हट्टच होता. बाहेर पडून राहिलं की नुसती भिंत दिसते, इथून निदान शेगडी तरी दिसेल, असं तिचं म्हणणं. डाव्या गालाचं आणि जबड्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं बोलणं नवऱ्याला आणि लेकीला, करिष्माला, एवढ्या दोघांनाच कळायचं. मुलगा धनेश समजल्यासारखी मान हलवायचा आणि मग बापाच्या तोंडाकडं बघायचा.

चाळीस वर्षं तिनं मिशरी लावली होती. भूम तालुक्यात तिच्या माहेरी सगळ्याच बायका लावायच्या. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. गालात आतून फोड आला तेव्हा सहा महिने तिनं हळदीवर काढले. मग ऑपरेशन झालं, तेहतीस वेळा रेडिएशनचा शेक दिला, आणि नाकातून पोटात जाणारी नळी आली ती आलीच. माघात डॉक्टरांनी ज्योतीरामला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आजार गळ्यात उतरलाय, आता घरी न्या आणि जपा. त्यानं ते तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. फाल्गुन लागल्यावर मात्र म्हणाली, "वर्षाचं तिखट करायचं राहिलंय. कुरडया बी."

ज्योतीराम म्हणाला, विकत आणू. ती बोटांवर एकेक जिन्नस मोजायला लागली.

भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसच्या मशीनवर त्यानं एकतीस वर्षं काढली होती. आठवड्याला शिफ्ट बदलायची. तो नाइट करून यायचा तेव्हा ती पोरांच्या शाळेच्या गडबडीत, आणि तिला दुपारी जरा निवांतपणा मिळायचा तेव्हा हा डोक्यावर चादर ओढून झोपलेला. डबा भरलाय का, पाणी आलं का, किल्ली कुणाकडं दिलीय, एवढ्यावर त्यांचा संसार झाला. भांडणं फार नव्हती, कारण भांडायलाही दोघं एका वेळी जागी असावी लागतात. निवृत्त झाल्यावर गावी जाऊन महिनाभर राहायचं असं ठरलं होतं. ते ठरलं आणि चार महिन्यांत तिच्या गालातला फोड फुटला.

स्वयंपाकातलं त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. आजारपणात तो वरणाचं पाणी करायला शिकला, नाचणीची पेज शिकला, भाजी शिजवून, वाटून, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून सिरिंजनं नळीत सोडायला शिकला. पहिल्यांदा निम्मं अंथरुणावर सांडलं होतं. आता तो न सांडता भरवायचा. तिच्या जिभेला काहीच लागत नव्हतं, पण घास आत गेला की ती पोटावर हात ठेवून सांगायची, गरम आहे, किंवा आज गार झालंय. जेवणातलं तेवढंच काय ते तिच्या वाट्याला उरलं होतं.

तर ते तिखट. पाडव्यानंतरच्या सोमवारी त्यानं बेडगी आणि लवंगी मिरची आणली, धने, तीळ, खसखस, दगडफूल, खोबऱ्याच्या वाट्या, हळकुंडं, सगळं तिनं बोटांवर मोजून सांगितलं तसं आणलं. मिरचीचे देठ खुडायला तीन दिवस गेले. डोळे चोळले म्हणून एकदा रात्रभर तळमळला, आणि ती खाटेवरून हसली. वाकड्या झालेल्या तोंडानं हसणं तिला अवघड जायचं, तरी हसली.

मग एकेक जिन्नस थोड्या थोड्या तेलात तळायला घेतला. त्याला काय माहीत, कुठं थांबायचं ते. तो झारा पुढं करून विचारायचा, "सोजर, बघ गं वास. झालं का?" ती मान जरा वर करायची, डोळे मिटून श्वास घ्यायची आणि सांगायची, अजून. नाही तर, काढा आता. धने लवकर उतरवायला लावले, दगडफूल तर कढईत टाकलं न टाकलं तोच काढायला लावलं. खोबऱ्याला मात्र तिनं बराच वेळ घेतला. घरभर धूर झाला, ज्योतीराम खोकायला लागला, तरी ती म्हणत होती, "जरा ऱ्हाऊ द्या. काळं तिखट हाय, काळं नको व्हायला?"

कांडपावरून मसाला कुटून आणला तेव्हा तो अजून कोमट होता. बरणीत दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले. त्या दिवशी त्यानं शेंगदाण्याची आमटी केली आणि भाकरी शेजारच्या सुमनताईंकडून करून आणली. सेकंड शिफ्टला चाकणला जायच्या आधी धनेश जेवायला बसला. पहिल्या घासाला थांबला, आईकडं बघितलं आणि म्हणाला, आईच्याच हातची वाटते. सोजराबाईनं ज्योतीरामकडं बोट दाखवलं. एकतीस वर्षांत कंपनीत त्याला दोनदा बक्षीस मिळालं होतं. तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर ती दोघं दिवसभर बोलायला लागली. शेवग्याच्या शेंगांना आमसूल घालायचं की चिंच, पीठ किती जाड दळायचं, तिची आई हुलग्याचं माडगं कसं करायची, सासूनं पहिल्या वर्षी तिला भाकरी तीनदा थापायला कशी लावली. यातलं पुष्कळसं त्याला ठाऊकच नव्हतं. आपल्या आईनं असं काही केल्याचं त्याच्या कानावर आलं नव्हतं, कारण तेव्हा तो नाइटला असणार.

वैशाखात एका सकाळी त्यानं दूध तापायला ठेवलं आणि खाली भाजीची गाडी आली म्हणून उतरला. शेवग्याच्या शेंगा निवडण्यात दहा-बारा मिनिटं गेली. वर येताना पहिल्या मजल्याच्या वळणावरच गॅसचा वास आला. पिशवी तिथंच टाकून तो धावला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस भसाभसा बाहेर येत होता. त्यानं बटण बंद केलं, खिडकी उघडली, दार सताड उघडं टाकलं आणि खाटेकडं वळला. सोजराबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. हाताशी ताट होतं, आणि ताटातले तीळ ती बोटांनी निवडत होती. एकेक खडा बाजूला करत होती, सावकाश.

गॅसनं त्याचं डोकं गरगरत होतं. ती मात्र वळून शांतपणे म्हणाली, "काय झालं? एवढं धावत का आलाव?"

तिनं उघड्या खिडकीकडं बघितलं, ओट्यावर सांडलेल्या दुधाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग ती म्हणाली की डोळा लागला होता, कळलं नाही. ज्योतीरामनं मान हलवली. उशाजवळच्या ताटात निवडलेल्या तिळांचा ढीग चांगला मूठभर झाला होता.

दुपारी ती झोपल्यावर त्यानं वाटीत थोडं तिखट घेतलं आणि सुमनताईंकडं गेला. त्या कर्जतकडच्या, या सगळ्यातल्या जाणत्या. त्यांनी वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "चांगलं झालंय की, भाऊ. खोबरं तेवढं करपलंय. धनेही कच्चे राहिलेत थोडे. पण पहिल्यांदा केलंय म्हटल्यावर लई झालं."

तो वाटी घेऊन जिन्यात बसला. शेक सुरू होता तेव्हाच कधीतरी तिला वास येणं बंद झालं असणार. म्हणजे झारा पुढं केल्यावर ती डोळे मिटायची, श्वास घ्यायची, आणि मनानंच काहीतरी सांगायची. कढईतला रंग बघून, धूर बघून, पन्नास वर्षांच्या सवयीनं. आपल्याला वास येत नाही हे तिनं का सांगितलं नसेल, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. जिन्यात ऊन आलं तेव्हा उठला, वाटीतलं तिखट परत बरणीत टाकलं आणि तिला पेज भरवायच्या तयारीला लागला.

कुरडयांसाठी त्याच आठवड्यात गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, हे तिनं सांगितलं होतं आणि सुमनताईंनीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गहू दाबला तर पांढरा चीक बाहेर यायला लागला. सुमनताई येऊन बघून गेल्या आणि जिन्यात हळूच म्हणाल्या की सकाळी वाटायला घ्या, उकाडा फार आहे, आणखी ठेवले तर आंबतील. त्यालाही तसंच वाटत होतं. पातेल्यावरचं झाकण काढलं की आंबूस वास नाकात जायचा.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं मूठभर गहू वाटीत घेतले आणि खाटेजवळ बसला.

"सोजर, बघ बरं. वाटायचे का आज?"

तिनं डोळे मिटले. श्वास घेतला. नळीमुळं तो श्वास नेहमीसारखाच अडखळला. डोळे उघडून ती म्हणाली, "आजचा दिवस ऱ्हाऊ द्या. उद्या."

ज्योतीरामनं वाटीतला एक गहू दाबला, चीक बोटावर आला. मग म्हणाला, "बरं. उद्या," आणि उठून पाणी बदललं.

दुसऱ्या दिवशी गहू वाटून चीक रात्रभर बसू दिला. सकाळी तो शिजवला तेव्हा आंबट वाफेनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून त्यानं आणि धनेशनं सोऱ्यानं कुरडया घातल्या, वाकड्यातिकड्या, एकीला शेपूट तर एकीला भोक. थोडा चीक दूध घालून पातळ केला, गाळला आणि तिला भरवला. तिनं पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली. "लहानपणी आमी परातीभोवती बसायचो. आई चिकाचा पहिला गोळा मला द्यायची."

पुढं तिला बोलायचं बळ राहिलं नाही. आषाढात रक्त पडायला लागलं, दवाखान्यात नेलं, परत आणलं. ती गेली ती एका गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. ज्योतीराम शेगडीपाशी मुगाचं पाणी गाळत होता. वळून बघितलं तर तिची नजर त्याच्याकडंच होती, म्हणून आधी त्याला कळलंच नाही. पाणी सिरिंजमध्ये भरून तो खाटेजवळ आला, तेव्हा कळलं.

तेराव्याला गावाकडची माणसं आली. वाढायला कुरडया तळल्या. त्या तळताना लालसर झाल्या. पंगतीत तिची धाकटी जाऊ एक तुकडा मोडून म्हणाली, आंबट झाल्यात, सोजराक्काच्या कधी अशा होत नव्हत्या. कुणीतरी तिला गप्प केलं. ज्योतीराम वाढत होता. तो तसाच पुढं जाऊन म्हणाला, "तिनं सांगितल्या तशाच केल्यात."

माणसं गेल्यावर करिष्मा भांडी घासत होती. तो पुसून मांडणीला लावत होता. तिच्या मनात काहीतरी खदखदत असल्याचं त्याला दिसत होतं. शेवटी नळ बंद करून ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. आईला वास येत नव्हता. शेक चालू होता तेव्हाच गेला होता. तिनं मला शपथ घातली होती."

"म्हाइताय मला."

करिष्मा वळली. हात ओलेच होते. "कधीपासून?"

"वैशाखापासून."

"मग पुढं कुरडयांच्या वेळी सुमनताईंना विचारायचं ना. आईला कशाला विचारत होतात?"

ज्योतीराम हातातलं ताट पुसत राहिला. ते कधीच कोरडं झालं होतं.

"मग तिला दुसरं काय विचारणार होतो, बाळा?" तो म्हणाला. "एवढंच तर आमी बोलाय लागलो होतो."

करिष्मा ओट्याला टेकून रडली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वतः रडला नाही, त्याला ते जमलंच नाही. संध्याकाळी ती आपल्या घरी रावेतला परत निघाली तेव्हा उरलेल्या कुरडयांतल्या निम्म्या त्यानं डब्यात भरून दिल्या आणि सांगितलं, तेल चांगलं तापव, नाही तर फुलत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून धनेशची शिफ्ट सुरू झाली. खाट पुन्हा बाहेरच्या खोलीत गेली होती, त्यामुळं स्वयंपाकघर एकदम मोठं वाटत होतं आणि ज्योतीरामला उगाचच दोन पावलं जास्त चालावी लागत होती. त्यानं कुकर लावला, कांदा चिरला, आमटीला फोडणी दिली. मीठ घालताना हात थांबला, मग अंदाजानं घातलं. अंदाज बरोबर होता. धनेश डबा घेऊन गेला आणि दुपारी त्याचा फोन आला की आमटी चांगली झाली होती. ज्योतीराम बरं म्हणाला, फोन ठेवला आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.