घंटी वाजेपर्यंत थांबा

मित्रांनो, जरा वाकून पाहा. भंगाराच्या आवारात, चाक नसलेल्या सायकलीशेजारी, एका अंगाने काळंठिक्कर पडलेलं जे पत्र्याचं धूड दिसतंय, तो मी. कपडे वाळवणारा एक जुना ड्रायर. येणारेजाणारे माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, यानेच म्हातारीचा जीव घेतला. मला तोंड नाही, त्यामुळे बोल लावणाऱ्यांचं फावतं. आज मात्र खरं काय घडलं ते सांगतो.

कारखान्यातलं बालपण मला फारसं आठवत नाही. एका माणसाने मला रिकामाच फिरवून पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि गाडीत चढवलं. तिथून मी थेट एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत आलो. लाँड्री नवराबायकोची होती. नवरा कपड्यांचे गठ्ठे आणायचा, पोचवायचा. धुणं, वाळवणं, घड्या घालणं सगळं बायकोकडे, म्हणजे त्या घरच्या सुनेकडे. खोलीतली भिंतीलगतची खाट सासूबाईंची. त्यांचे गुडघे धरले होते, आधाराशिवाय उठता येत नव्हतं. माझ्यामुळे खोली उबदार राहते म्हणून त्यांनी हट्टाने खाट माझ्याशेजारी ओढून घेतली होती. मला त्या "घरघऱ्या" म्हणायच्या.

सुरुवातीला माझे फार हाल झाले. सून माझ्या पोटात कपडे अगदी कोंबायची. जाड चादरी आणि पातळ सदरे एकत्रच. मग चादरी ओल्या, सदरे चुरगळलेले, आणि खापर माझ्यावर. एकदा मी पार तापून बंद पडलो, तेव्हा दुरुस्तीवाला आला. त्याने दारातली जाळी बाहेर काढली, तर तिच्यावर कपड्यांच्या कापसाचा बोटभर थर. मागची नळीही तशीच तुंबलेली. त्याने सुनेला सगळं समजावलं. ड्रम अर्धाच भरायचा, जाडपातळ वेगळं ठेवायचं, प्रत्येक वेळी जाळी पुसायची. धुवायला आलेले एका मालिशवाल्याचे तेलकट टॉवेल पाहून तो थबकला. म्हणाला, तेलाचं कापड गरम पाण्यात दोनदा धुवा, आणि शेवटी हा गार वारा सोडतो ना, तो पूर्ण होऊ द्या. घंटी वाजल्याशिवाय दार उघडू नका आणि गरम कपड्यांचा ढीग तर मुळीच करू नका.

सून शहाणी होती. तिने ऐकलं. माझे दिवस पालटले. कपडे मऊ, कोरडे निघू लागले, गिऱ्हाइकं खूश झाली, आणि ती येताजाता माझं दार फडक्याने पुसू लागली. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

मग थंडी आली. कडाक्याची. सासूबाई दिवसभर कण्हत पडलेल्या असत. एकदा सुनेने माझ्यातून निघालेला टॉवेल त्यांच्या गुडघ्यांवर ठेवला, आणि त्या माउलीचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. पण गार वाऱ्यातून निघालेल्या टॉवेलात ऊब ती कितीशी राहणार? म्हणून सून गार वाऱ्याच्या आधीच मला थांबवू लागली. सासूबाईही लाडात येऊन म्हणायच्या, "अगं, या घरघऱ्याला सांग, आज जरा लवकर दे." मग कढत टॉवेल त्यांच्या पायांशी रचायचे, ऊब टिकावी म्हणून वरून घोंगडी दाबायची. त्यात कुचराई नव्हती, मित्रांनो. माया होती. म्हणूनच मला आजही तिचा राग येत नाही.

त्या दुपारी टॉवेल मालिशवाल्याचे होते. गर्दीचा दिवस, एकदाच धुतलेले. मला आत तेलाचा वास येत होता. मी गार वारा सोडणार, तेवढ्यात तिने बटण दाबलं. सगळे टॉवेल सासूबाईंच्या पायांशी गेले, वर घोंगडी. सून म्हणाली, "आई, पडा निवांत. मी एवढं कोपऱ्यावर देऊन येते." खिडकी लावून, गठ्ठा उचलून ती गेली.

सासूबाईंना डोळा लागला. बराच वेळ काही झालं नाही. मग करपट वास सुटला. गरम कापडातलं तेल आपलं आपण आणखी तापत होतं; ती उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती, ती आतल्या आत वाढत होती. घोंगडीखालून धूर निघाला. मला ओरडायचं होतं. पण माझा आवाज म्हणजे ती घंटी, आणि ती फेरा पूर्ण झाला तरच वाजते. सासूबाई खोकत जाग्या झाल्या, सुनेला हाक मारली. पाय हलेनात. दुसरी हाक अर्धीच राहिली.

लोक पाणी घेऊन धावले तेव्हा उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी नवरा पहार घेऊन माझ्यावर धावून आला. पहिला घाव दारावर बसला. सून मध्ये उभी राहिली.

"त्याला मारू नका," ती म्हणाली. "तो फिरतच होता. मी थांबवला."

त्याच्या हातातली पहार खाली झुकली. ती भिंतीला टेकवून तो खोलीबाहेर गेला.

भंगारवाला मला न्यायला आला, तेव्हा तिने त्याला थांबायला सांगितलं. चेचलेलं दार ओढून उघडलं, जाळी काढली, तिच्यावरचा त्या टॉवेलांचा पिवळा कापूस बोटांनी हळूच पुसला आणि जाळी परत जागेवर बसवली. भंगारात जाणाऱ्या यंत्राची जाळी कोण पुसतं? तिने पुसली.

इथे आल्यावर भंगारवाल्याने मला तार जोडून पाहिली. मी रिकामाच फिरलो. तापलो, मग गार वारा सोडला. या वेळी कोणी थांबवलं नाही. फेरा संपला आणि घंटी वाजली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर शेवटी तो उगाच फिरतोय असं समजू नका. त्याला गार होऊ द्या. कपडे हाताला गार लागू द्या. घंटी वाजेपर्यंत थांबा. ती वेळेवर ऐकायला माझ्या घरी कोणी थांबलं नाही, आणि आता वाजून उपयोग नाही.